भोवत्यांच्या मागे एक हिवाळा (बडोदा ते वेळावदर)

माझ्या हार्डडिस्कवर 'पाठ' नावाचा एक फोल्डर आहे. त्यात चौदाशेच्या वर फोटो आहेत आणि सगळे शिकारी पक्ष्यांच्या पाठीचे. घारीची पाठ, शिक्र्याची पाठ, कापशीची शेपटी, भोवत्या (इंग्रजीत हॅरिअर, गवतावरून खाली-खाली उडणारा शिकारी पक्षी) लांब जाताना, अजून लांब जाताना, आणि मग नुसतं गवत. नवऱ्याने एकदा स्क्रोल करून बघितलं आणि विचारलं, हे सगळे तुझ्यावर रुसलेत का गं. फोल्डर मी अजून डिलीट केलेला नाही.

हे लिहायचं कारण एवढंच की २०२३ च्या हिवाळ्यात सुरुवात करताना मला मराठीत असं काही वाचायला मिळालं नाही. एकतर दहा-दहा लाखांच्या लेन्सवाल्या लोकांचे फोटो, नाहीतर पक्ष्यांच्या नावांच्या याद्या. मी बडोद्यात एका प्रायव्हेट कंपनीत अकाउंट्सला आहे, वय ४६, शनिवारी अर्धा दिवस ऑफिस, महिन्याच्या १ ते ७ तारखेला सुट्टी मागायचीसुद्धा नाही असा अलिखित नियम, आणि कंबरेजवळचा एक मणका हवामान बदललं की कुरकुरतो. अशा माणसाला हे जमतं का, किती दिवस लागतात, किती पैसे जातात, ते सांगते.

सप्टेंबर–ऑक्टोबर २०२३ : गच्ची

भाचा कॅनडाला गेला आणि जाताना त्याचा निकॉन डी ७२०० आमच्याकडे टाकून गेला, "मामी तू वापर, पडून खराब होईल." आमचं घर दांडिया बाजारात, जुनं, तिसऱ्या मजल्यावर गच्ची, आणि संध्याकाळी सूरसागरच्या बाजूने घारी येतात. लहानपणापासून बघतेय पण कधी नीट बघितल्या नव्हत्या. कॅमेऱ्याबरोबर १८-१४० ची लेन्स होती, तिच्यात घार म्हणजे पांढऱ्या कागदावर पडलेला तिळाचा दाणा.

मग लेन्सची शोधाशोध. नवी परवडणार नव्हती म्हणून सेकंडहँड १५०-६०० बघायला लागले. पहिली जी बघितली ती चक्क तीस हजारात मिळत होती, विकणारा म्हणाला एकदम नवीसारखी आहे, मी पैसे द्यायलाच निघाले होते. नवऱ्याने मोबाईलचा टॉर्च मागच्या बाजूने लावून आत बघितलं तर काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी! आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या लेन्सला हमखास होते. तेव्हा सेकंडहँड लेन्स घेताना टॉर्च न्या, आणि स्वतःचा कॅमेरा पण न्या, तिथल्या तिथे लांबच्या पाटीवर फोकस होतोय का ते बघा. दुसरी लेन्स मिळाली ४८ हजारात, बिलासकट. माझ्या दिवाळी बोनसमधून आणि थोडं आधी मोडलेल्या रिकरिंगमधून. घरात दोन दिवस थोडं शांत शांत होतं.

दीड महिना रोज संध्याकाळी वीस मिनिटं गच्चीवर. पहिले आठ दिवस सगळ्या घारी काळ्या आल्या, म्हणजे नुसती सावली. आकाश उजळ असतं, कॅमेरा त्या उजेडाला भुलतो आणि पक्षी काळा करून टाकतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ-गडद करायची सेटिंग) अधिक एकवर नेलं आणि पहिल्यांदा घारीच्या पोटावरच्या रेघा दिसल्या. शटर १/२००० सेकंदापेक्षा हळू नको, आयएसओ (कॅमेरा उजेड किती टिपतो ते) ऑटोवर, फोकस कंटिन्युअसवर, एवढं पाठ करा, बाकीचं हळूहळू येतं. घारीवर सराव करण्यासारखी दुसरी गोष्ट नाही, फुकट आहे, रोज येते, आणि घाई करत नाही. शेपटी अशी डावी-उजवी पिळत वळते की वल्ह्याने होडी वळवावी. आणि हो, अडीच किलोच्या घरात कॅमेरा आणि लेन्स होते, त्यामुळे हात आणि पाठ दोन्हीला सवय लागायला दीड महिना लागतोच.

१९ नोव्हेंबर : वढवाणा

ही तारीख लक्षात राहायचं कारण वेगळं आहे, त्या दिवशी अहमदाबादला वर्ल्डकपची फायनल होती. नवऱ्याची अट होती की दीडच्या आत घरी, मॅच दोनला. म्हणून पहाटे पाचला निघालो, डभोईच्या पुढे वढवाणाचा तलाव, आमच्याकडून पन्नासेक किलोमीटर. सयाजीरावांच्या काळात शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला, २०२१ मध्ये रामसरच्या (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) यादीत गेला, आणि हिवाळ्यात तिथे पाणी कमी आणि बदकं जास्त दिसतात.

शिकारी पक्षी शोधायची सोपी युक्ती तिथे कळली. पक्षी शोधायचाच नाही, बदकं बघायची. हजारभर बदकं निवांत बसलेली असतात आणि एकदम एका कोपऱ्यातून उठायला लागतात, लाट आल्यासारखी, तेव्हा समजायचं वरून कोणीतरी चाललंय. दलदली भोवत्या होता, तपकिरी मादी, डोकं पिवळट. पाण्याच्या कडेच्या बेटांवरून खाली-खाली उडत चाललेली, पंख इंग्रजी व्ही सारखे वर धरून. मी बांधावरून तिच्याबरोबर पळायला लागले. खरंच पळाले, अडीच किलो गळ्यात घेऊन, ती अर्थात माझ्याहून जोरात होती.

नंतर एका वाळलेल्या झाडावर कैकर (ऑस्प्रे, मासे मारणारा शिकारी पक्षी) बसलेला दिसला, पायात मासा. हा मासा नेताना नेहमी माशाचं तोंड पुढे ठेवून धरतो म्हणजे उडताना हवेचा अडथळा कमी होतो, हे मी वाचलं होतं आणि मला तो फोटो हवाच होता. म्हणून दहा पावलं पुढे. मग अजून दहा. मग अजून पाच, आणि तो उडाला. उलट्या दिशेने. माशाचं तोंड पुढे होतं खरं, पण माझ्याकडे कैकराची पाठ आणि माशाची शेपटी.

बांधावर बकऱ्या घेऊन एक म्हातारे काका बसले होते, ते हसून म्हणाले, "बेन, बेठा होत तो ए अहीं ज खात." बसला असतात तर इथेच खाल्ला असता. मी त्यांचं बोलणं तेव्हा काही मनावर घेतलं नाही.

दीडला घरी पोचलो. त्या दिवशी संध्याकाळी काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, माझे फोटो बघायच्या मनःस्थितीत घरात कोणी नव्हतं. रात्री कैकराचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला, कॅनडाहून भाच्याचा रिप्लाय आला, "मामी, पाठ छान आलीय." फोल्डरचं नाव तिथून पडलं.

२६ नोव्हेंबर : न झालेली ट्रिप

वेळावदरचं वेड वाचून वाचून लागलं होतं. भावनगर जिल्ह्यात, भाल म्हणतात त्या भागातल्या सपाट खारट जमिनीवर फक्त ३४ चौरस किलोमीटरचं नॅशनल पार्क. भावनगरच्या महाराजांची ही गवताची राखीव विडी, पूर्वी इथे पाळलेले चित्ते सोडून काळविटांची शिकार व्हायची, १९७६ मध्ये पार्क झालं. लोक जातात काळविटांसाठी, पण हिवाळ्यात इथे भोवत्ये मुक्कामाला येतात, मध्य आशियातून, आणि रात्री शेकड्यांनी एकत्र गवतात जमिनीवर झोपतात. जगातल्या सगळ्यात मोठ्या अशा मुक्कामांपैकी हा एक मानला जातो. पूर्वी याहून पुष्कळ जास्त यायचे, आता कमी झालेत असं अभ्यासक सांगतात. गरुड-घारींच्या खानदानातला पक्षी आणि झाड सोडून जमिनीवर झोपतो, हेच मला फार गमतीचं वाटलं.

२५-२६ नोव्हेंबरचं ठरवलं, राहायची जागा बुक केली, हजार रुपये ॲडव्हान्स. २६ तारखेला गुजरातभर जो अवकाळी पाऊस झाला, गारा, विजा, माणसं गेली त्यात, तो तुम्हाला आठवत असेल. अंदाज बघून आम्ही शुक्रवारीच कॅन्सल केलं, हजार रुपये गेले ते गेले. नंतर तिथल्या गाईडने फोनवर सांगितलं की भालची काळी माती भिजली की गाडी सोडा, माणसाची चप्पलसुद्धा परत मिळत नाही. तेव्हा टीप : पाऊस पडून गेल्यावर ऊन पडलंय म्हणून लगेच निघू नका, आधी फोन करून रस्ते वाळलेत का विचारा. पार्क तसंही पावसाळ्यात १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असतं.

२३-२४ डिसेंबर : पहिली फेरी

नाताळाचा लाँग वीकेंड पकडून गेलो ही पहिली चूक. शनिवार-रविवार आणि सणाच्या दिवसांत फी जास्त असते, शिवाय गर्दी. वासद, बोरसद, तारापूर, वटामण, पिपळी, धोलेरा असा रस्ता, चार तास धरा. धोलेऱ्यानंतर खाण्यापिण्याचं फारसं काही नाही, आम्ही घरून थेपले आणि लीलो चेवडो नेला होता म्हणून बरं.

दुसरी चूक गेटवर कळली. परमिटसाठी फॉर्म भरायचा, त्यात सगळ्यांची नावं, गाडीचा नंबर, किती कॅमेरे, आणि प्रत्येकाचं ओळखपत्र. माझं आधार कार्ड ऑफिसच्या पर्समध्ये राहिलेलं. डिजिलॉकर उघडायला गेले तर नेटवर्कची एकच काडी, ती पण येऊन-जाऊन. तिथे माझ्या मागे लाईन, आणि मी मोबाईल आकाशाकडे धरून उभी, कोणी बघितलं असतं तर वाटलं असतं भोवत्याचा फोटो काढतेय! शेवटी नवऱ्याच्या लायसन्सवर परमिट निघालं, मी त्याच्या परमिटवरची सोबतची व्यक्ती. ओरिजिनल कार्ड ठेवा, एक झेरॉक्स ठेवा, फोटो गॅलरीत ठेवा, आणि रोख पैसे सुटे ठेवा कारण तेच नेटवर्क यूपीआयला पण लागतं. प्रवेश, गाडी, कॅमेरा, गाईड या सगळ्याचे पैसे वेगवेगळे लागतात आणि सकाळची फेरी वेगळी, संध्याकाळची वेगळी. गाईड घ्यावाच लागतो आणि खरं सांगायचं तर तोच सगळ्यात उपयोगी खर्च आहे.

आमचे गाईड पन्नाशीचे, तिथल्याच गावचे, बोलणं कमी. गाडीत पुढे बसले आणि पहिलं वाक्य, "उतरवानुं नथी." उतरायचं नाही. मान्य.

आत पिवळं गवत, इतकं सपाट की काळविटांचे पाय क्षितिजाला टेकल्यासारखे दिसतात. चार वाजता एक सापमार गरुड दिसला, एका जागी पंख हलवत थांबलेला, लांब. सव्वापाचला गाईडभाईंनी गाडी थांबवायला सांगितली आणि म्हणाले आता बघा, पट्टाई आवशे. गुजरातीत भोवत्याला पट्टाई म्हणतात. पहिला एक आला, गवताच्या दोन हात वरून. मग डावीकडून तीन. मग मी मोजायचं सोडलं, कारण सगळ्या बाजूंनी यायला लागले, खालून, मधून, वर घिरट्या घालत, कुणी गवतात उतरून परत उठत, राखाडी नर, तपकिरी माद्या, आणि आवाज जवळजवळ नाहीच. इतके पक्षी आणि इतकं शांत, मला ते विचित्रच वाटलं. नवरा सहसा अशा ठिकाणी मोबाईल बघतो, त्याने बघितला नाही.

मी सहाशे फ्रेम मारल्या. जो दिसेल त्याच्या मागे लेन्स फिरवत. पुढे घ्या, मागे घ्या, तिकडे वळवा, असं नवऱ्याला सांगत. सूर्य सहाच्या सुमारास बुडाला, आयएसओ ६४०० वर गेला, डी ७२०० चा बफर (फोटो तात्पुरते साठवायची जागा) वीसेक फ्रेममध्ये भरतो आणि मग कॅमेरा आंधळ्यासारखा बसून राहतो. रात्री रूमवर बघितलं. सहाशेत पाचशे नव्वद पाठी. कंबरेजवळ एक पांढरा पट्टा असतो माद्यांच्या, तो मला आता झोपेतसुद्धा ओळखता येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाईडभाईंना कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "बेन, जे जाय छे एनी पाछळ तमे जाओ छो. जे आवे छे एनी सामे बेसो ने." जो जातोय त्याच्या मागे लागता, जो येतोय त्याच्या समोर बसा ना. आणि मग त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून वारा दाखवला.

हे मला कुठल्याच व्हिडिओत नीट कळलं नव्हतं म्हणून सविस्तर लिहिते. पक्षी उतरताना, उठताना आणि सावकाश शिकार शोधताना शक्यतो वाऱ्याकडे तोंड करतो, विमानासारखं. म्हणजे वारा तुमच्या पाठीवर असेल तर पक्ष्याचं तोंड तुमच्याकडे. आता ऊनसुद्धा तुमच्या पाठीमागून हवं, तरच त्याच्या चेहऱ्यावर उजेड. आपल्याकडे हिवाळ्यात वारा बहुतेक ईशान्येकडून, उत्तरेकडून. संध्याकाळी सूर्य पश्चिमेला, म्हणजे ऊन पाठीला घ्यावं तर वारा तोंडावर, आणि पक्षी पाठमोरे. सकाळी मात्र ऊन पूर्वेकडून आणि वाराही त्याच अंगाने, दोन्ही तुमच्या खांद्यामागून. म्हणजे ज्या संध्याकाळसाठी सगळे धावतात ती बघण्यासाठी, फोटोसाठी सकाळ! चार महिने मी पंखांचा वेग आणि शटरचा वेग बघत होते, वाऱ्याकडे बघायचं डोक्यातच आलं नाही.

पण तेव्हा नऊ वाजून गेले होते, जमीन तापून हवा थरथरायला लागली होती, आणि त्या थरथरीत कितीही भारी लेन्स असली तरी फोटो पाण्यात बुडाल्यासारखा येतो. आमची फेरी संपली. दोघांचा दोन दिवसांचा पेट्रोल, राहणं, जेवण, दोन सफारी असा खर्च नऊ हजारांच्या आसपास.

एक गोष्ट राहिली. आदल्या संध्याकाळी शेजारच्या गाडीतले काही जण त्यांच्या गाईडला सांगत होते की गाडी जरा गवतात घाल, सगळे एकदम उडतील, शॉट मिळेल. त्याने नाही सांगितलं म्हणून त्याच्यावर चिडले. हे पक्षी हजारो किलोमीटर येऊन रात्रीपुरते टेकतात तिथे. अजून लिहिलं तर माझा तोल जाईल म्हणून पुढे जाते.

१५ जानेवारी : घरातली घार

हे फोटोच्या खटपटीत येत नाही खरं म्हणजे, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. वासी उत्तरायण (पतंगांच्या सणाचा दुसरा दिवस), गच्चीवर सगळे, उंधियो-जिलेबी झालेली, आणि साडेचारला समोरच्या घराच्या डिशच्या दांडीला एक घार मांज्यात लटकली. शेजारच्या मुलांनी काठीने ओढून आमच्या गच्चीवर आणली. मी ओढणी टाकली तिच्यावर, डोळे झाकले की पक्षी शांत होतो हे वाचलेलं होतं. मिक्सरच्या खोक्याला भोकं पाडली, खाली जुना टॉवेल. १९६२ या पशु-पक्ष्यांच्या हेल्पलाइनला फोन केला. जानेवारीत १० ते २० तारखेच्या सुमारास मांज्याने जखमी झालेल्या पक्ष्यांसाठी सरकारचं करुणा अभियान असतं, तेव्हा पटकन लागतो. पाणी पाजू नका म्हणाले, अंधारात ठेवा, दोरा स्वतः ओढून काढू नका. आई (माझ्या सासूबाई) खोक्याशेजारी स्टूल घेऊन बसल्या, कोणाला जवळ येऊ देईनात.

खोक्यात ठेवायच्या आधी ओढणी सरकली आणि एक वीतभर अंतरावरून मी तिचं तोंड बघितलं. पाय वाटले होते त्याहून लहान. चोच उघडी, आत गुलाबी. डोळा गडद तपकिरी, आत बसलेला, त्याच्या मागे कानाशी काळपट पिसांचा डाग, आणि त्या डोळ्यावरून दर थोड्या वेळाने एक पांढुरका पडदा आडवा सरकत होता, कोपऱ्यातून येऊन परत. उजव्या पंखाच्या पुढच्या कडेला मांज्याने कापलं होतं, कागद फाटावा तसं सरळ. कॅमेरा दोन पायऱ्या खाली होता. आणावासा वाटला नाही.

तासाभराने दोन मुलं मोटरसायकलवर आली, सराईतपणे बघितलं, खोकं तसंच घेऊन गेली. आठवड्याने मी फोन केला, उपचार चालू आहेत एवढंच कळलं. त्यानंतर परत करायचा धीर झाला नाही.

फोटोच्या दृष्टीने एक कळलं ते असं की डोळा असा आत आणि काळपट पिसांत असेल तर डोक्यावरच्या उन्हात तो दिसणारच नाही, आडवं ऊन थेट आत शिरलं पाहिजे. म्हणजे परत सकाळच.

१५-१६ फेब्रुवारी : दुसरी फेरी

गुरुवार-शुक्रवार, दोन रजा टाकून. ऑफिसात सांगितलं घरचं काम आहे. या वेळी तयारी अशी. जुन्या जीन्सचा एक पाय कापून दोन्हीकडून शिवला आणि त्यात अडीच किलो चवळी भरली, गाडीच्या खिडकीवर ठेवून त्यावर लेन्स टेकवायला. बाजारात याच पिशवीचे चांगले पैसे घेतात. आधार कार्ड दोघांचीही ओरिजिनल. दोन मेमरी कार्ड, तीन बॅटऱ्या. तपकिरी कुर्ता, कारण मागच्या वेळी मी गुलाबी स्वेटर घालून बसले होते.

गेटवर पाच मिनिटांत काम झालं, गर्दीच नाही. तेच गाईडभाई, मी आधी फोन करून विचारून ठेवलं होतं. संध्याकाळच्या फेरीत मी कॅमेरा मांडीवरच ठेवला, ते कुठे उतरतात, कुठल्या बाजूने येतात एवढंच बघितलं. आता माँटेग्यूचा भोवत्या आणि पांढुरका भोवत्या यांच्यातले नर मला वेगळे कळायला लागले होते. माँटेग्यूच्या पंखावर वरून एक काळी आडवी रेघ असते, पांढुरका खरंच फिकट, जवळजवळ पांढरा, पंखांच्या टोकाला काळी पाचर ठोकल्यासारखी. माद्यांचं मात्र कठीण आहे, भलेभले चुकतात. पांढुरक्याच्या मादीच्या गळ्याभोवती फिकट कॉलर असते ती दिसली तर नशीब.

सकाळी सातच्या आधी गेटवर. थंडी बरीच होती. गाईडभाईंनी रस्त्यावरची एक जागा दाखवली, मुक्कामापासून चांगली लांब, उजवीकडे गवत, डावीकडे मोकळी खारट जमीन. गाडी अशी लावली की माझी खिडकी पश्चिमेला, ऊन आणि वारा पलीकडच्या, नवऱ्याच्या बाजूने. इंजिन बंद, नाहीतर लेन्स थरथरते. चवळी खिडकीवर. आणि मग बसलो.

पन्नास मिनिटं. एवढा वेळ गप्प बसणं म्हणजे काय ते करून बघा. पहिली पंधरा मिनिटं चार-पाच भोवत्ये लांबून गेले, माझा हात शिवशिवत होता, पुढे घ्या म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. एक कोल्हा रस्ता ओलांडून गेला. नवऱ्याला डुलकी लागली. गाईडभाई बाहेर बघत होते, कुठेच न बघितल्यासारखे.

आठ वाजून दहा मिनिटांनी गवताच्या टोकावरून एक तपकिरी ठिपका सरकताना दिसला, आणि तो मोठा होत होता. इतक्या महिन्यांत मोठा होणारा ठिपका मी पहिल्यांदा बघत होते. वाऱ्याला तोंड देत, इतकी सावकाश की पडेल असं वाटावं, डोकं खाली, डावीकडे-उजवीकडे वळवत, गवताला कान लावल्यासारखी. भोवत्याचा चेहरा घुबडासारखा थोडा चपटा, गोल असतो, पिसांच्या वाटीसारखा, गवतातला आवाज टिपायला. ते मी वाचलेलं होतं आणि आता त्या वाटीच्या मधोमध दोन पिवळे डोळे होते. मी शटर दाबलं. ती एकदम पंख वर करून पाय खाली सोडून गवतात पडली, वर आली तेव्हा पायात काहीतरी हिरवं, नाकतोडा असावा, आणि आमच्या गाडीच्या बॉनेटवरून, खरंच इतक्या जवळून की लेन्स फोकस करू शकली नाही, निघून गेली.

"लीधो?" गाईडभाईंनी विचारलं. घेतला का. मला पटकन बोलताच येईना.

अकरा फ्रेम होत्या. त्यातल्या चारात फोकस मागच्या गवतावर. तीन हललेल्या. एकात एका डोळ्यावर गवताची काडी. दोनात डोळे मिटलेले, तोच तो आडवा पडदा. एक नीट. पंख दोन्ही वर, डोकं सरळ, दोन्ही डोळे, गळ्याभोवती फिकट कॉलर. म्हणजे पांढुरक्याची मादी. घरी येऊन पाच पुस्तकं आणि दोन जाणकारांकडून खात्री करून घेतली. फोटो थोडा कमी उजेडाचा आहे, आयएसओ जरा जास्त आहे, उजव्या पंखाचं टोक कापलं गेलंय. स्पर्धेत पाठवायच्या लायकीचा नाही, पाठवलाही नाही.

साडेनवाला हवा थरथरायला लागली, आम्ही निघालो. त्या एका तासात अजून सहाएक पाठी आल्या, त्या रीतसर फोल्डरमध्ये टाकल्यात.

परतीच्या वाटेवर धोलेऱ्याकडे भालिया गहू घेतला वीस किलो, आईंनी मुद्दाम सांगितलं होतं. हा गहू भालच्या जमिनीत पावसाळ्यात मुरलेल्या ओलाव्यावरच येतो, वेगळं पाणी द्यावं लागत नाही, लाडवांना आणि लापशीला फार छान. या फेरीचा खर्च आठ हजारांच्या आत, गहू सोडून. म्हणजे लेन्स धरून सगळा मोसम पासष्ट-सत्तर हजारात गेला, त्यातली लेन्स पुढे विकली तर बरेचसे परत येतील, पण मी विकणार नाही.

ज्यांना यंदा जायचंय त्यांच्यासाठी : डिसेंबर ते फेब्रुवारी मध्यापर्यंत जा, मार्चपासून भोवत्ये परतीला लागतात. शक्य असेल तर आठवड्याच्या मधले दिवस घ्या. दोन संध्याकाळींपेक्षा एक संध्याकाळ आणि दोन सकाळी. मोठी लेन्स नसेल तर दुर्बीण न्या, संध्याकाळ तशीच बघायची असते.

फोटो रावपुऱ्यात एका स्टुडिओतून बारा बाय अठरा प्रिंट करून आणला. आईंनी चष्मा लावून बघितला आणि म्हणाल्या, ही आपल्या घारीपेक्षा चिडकी दिसते. होळीच्या सुमारास त्यांना चवळी हवी होती, डब्यात नव्हती, मग मी जीन्सची पिशवी उसवली. निम्म्या चवळीला टोके लागले होते. उरलेल्याची उसळ केली.